विचारा की ओ ताईंना : "भाची म्हणते मेक्सिकन लोकांची डॉक्टर होणार"

या महिन्यात पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी केस गळण्याची आणि गुडघेदुखीची, ती पुढच्या अंकात घेऊ. यावेळी तीनच घेतलीयत कारण तिन्हीत भानगड एकच आहे, दवाखान्याच्या लाईनला जायचं ते नेमकं कुणासाठी. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर त्याहून मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

पत्र पहिलं

ताई नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो. धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत, कॅलिफोर्नियात फ्रेस्नो म्हणून गाव आहे तिथं असते. तिची मुलगी म्हणजे माझी भाची आता कॉलेज संपवून मेडिकलचे फॉर्म भरतेय. आमच्या खानदानात पहिली डॉक्टर होईल म्हणून आम्ही खूश होतो. पण फॉर्मबरोबर एक निबंध द्यावा लागतो म्हणे, डॉक्टर का व्हायचंय असा, आणि त्यात हिनं लिहिलंय की मला लॅटिनो लोकांमध्येच काम करायचंय, म्हणजे मेक्सिको वगैरेकडून आलेले, तिकडं द्राक्षाच्या बागेत मजुरी करणारे. शनिवारी ती कुठल्यातरी मोफत दवाखान्यात जाते, स्पॅनिश फाडफाड बोलते, मराठी मात्र तोडकीमोडकी. बहीण फोनवर रडते. मेहुणे म्हणतात सिलेक्शनवाले विचारतील तू त्यांच्यातली नाहीस तर तुला काय पडलंय. माझी आई म्हणते सेवाच करायचीय तर इथं येऊन आपल्या लोकांची कर की. आणि मला टेन्शन कर्जाचं. भाचीनं निबंधाचं पान पाठवलंय, मामा तू खरं काय ते सांग म्हणते. तिला विचारूनच तुम्हाला पाठवतोय. काय सांगू हिला?
— एक मामा, जुळे सोलापूर

उत्तर

मामा, तुम्ही चौघांचे चार प्रश्न एकाच पाकिटात घातलेत. आईंचा आधी घेते कारण तो सोलापूरच्या माणसानं विचारावा याचंच मला नवल वाटलं. भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे ना ओ? द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, १९१० चा जन्म, मुंबईला जीएस मेडिकलमध्ये शिकले आणि १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले त्यात हे गेले, तेव्हा वय २७. सोलापुरात तेव्हा पेशंट नव्हते का? गिरण्यांचं गाव, आजारपणाला काय तोटा. तरी गेले. जपानशी लढाई चाललेली, त्यात ऑपरेशनं केली, चिनी बोलायला लिहायला शिकले, त्याच भाषेत तिथल्या पोरांना शिकवलं, तिथंच लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले, बत्तिसाव्या वर्षी. आपण जयंतीला हार घालतो आणि घरातली पोरगी तसलंच काही म्हणाली की कपाळाला हात लावतो, हे काही बरोबर नाही.

आणि मेक्सिकनच म्हणाल तर तिथंही मराठी माणूस पोचून झालाय. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, परदेशात राहून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२० च्या दशकात मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्यावर गव्हावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा म्हणून तिकडचा फार मोठा चित्रकार, त्यानं मेक्सिको सिटीतल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढून ठेवलंय. हे आईंना सांगा, पण सांगून त्या गप्प बसतील असं समजू नका, आजीला नात जवळ हवी असते आणि त्याला कुणाचाच इतिहास पुरत नाही.

आता मेहुण्यांचा प्रश्न. तो मात्र टाळून चालणार नाही, कारण तो खरा आहे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोक ६ कोटी २१ लाख निघाले, म्हणजे शंभरात जवळपास १९. डॉक्टरांमध्ये मात्र ते शंभरात सहा-सातच आहेत. पेशंट पाचातला एक आणि डॉक्टर पंधरातला एक, असा हिशेब. आता हा खड्डा खऱ्या अर्थानं भरायचा तर त्यांच्याच घरातली पोरं डॉक्टर व्हायला पाहिजेत, तिथं तुमची भाची कितीही चांगली असली तरी बदली म्हणून चालत नाही. हे तिनं स्वतःहून निबंधात मान्य केलेलं बरं. ते मान्य केलं की मग पुढचं बोलायला ती मोकळी, की तोवर त्या दवाखान्यात कुणीतरी बसायला लागतंय ना, आणि मी त्याच गावात वाढलेय. फ्रेस्नो जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो आहेत हो मामा, तिच्यासाठी ते परके नाहीतच, शाळेत बाकावर शेजारी तीच पोरं. तुम्ही जुळे सोलापुरातून बघताय म्हणून तुम्हाला ते मेक्सिकन दिसतायत, तिला ते शेजारी दिसतायत. आणि गंमत म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी त्याच कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेलेल्या पंजाबी माणसांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती, गोऱ्यांशी करायला कायद्याची आडकाठी आणि देशातून बायको आणायची सोय नाही म्हणून. तेव्हा आपल्याकडच्या लोकांचा आणि त्यांचा संसार तिथं जुना आहे.

निबंधाचं पान वाचलं. स्पष्ट सांगते, सुरुवात पडेल आहे. ५३०० अक्षरांची मर्यादा असते, मधल्या मोकळ्या जागासुद्धा धरून, म्हणजे जेमतेम दीड पान, आणि त्यातला पहिला मोठा तुकडा हिनं 'लहानपणापासून इतरांना मदत करण्याची ओढ' यात घालवलाय. ही ओढ फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला असते म्हणे, नसली तरी लिहिताना येते. मग आजोबांचं आजारपण, मग विज्ञानाची आवड. आणि खाली, जवळजवळ शेवटी, एक ओळ आहे, की सहावीत असताना मैत्रीण शाळा बुडवायची कारण आईला दवाखान्यात न्यायला आणि डॉक्टर काय म्हणतात ते आईला स्पॅनिशमध्ये सांगायला दुसरं कुणी नव्हतं, आणि एकदा आईला गर्भपिशवीत गाठ आहे हे त्या पोरीनंच आईला सांगितलं. अकरा वर्षांची पोरगी! अहो मामा, निबंध तो आहे. बाकी सगळं काढून टाका म्हणावं.

मी नोकरीत असताना आपल्याकडच्या एका ओपीडीत बघितलेलं सांगते म्हणजे तुम्हाला पटेल. पूर्व भागातली म्हातारी, घरात तेलुगू, कंबर धरून आलेली, बरोबर तिसरी-चौथीतली नात कारण मराठी तिलाच येतं, मोठी माणसं यंत्रमागावर कामाला. डॉक्टर घाईत, बाहेर लाईन जिन्यापर्यंत. ते नातीला म्हणाले, विचार आजीला, अंगावरून जातं का. पोरीनं मान खाली घातली, फ्रॉकची कड पिळत काहीतरी पुटपुटली, आजी हो हो म्हणून हात हलवून सांगायला लागली, आणि पोरगी डॉक्टरांना म्हणाली, "नाही म्हणते." मी पडद्याशेजारीच उभी होते आणि मला कामापुरतं तेलुगू कळतं म्हणून ते पकडलं गेलं, मग आजीला आत घेऊन बसवलं आणि नीट विचारलं. नाहीतर कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन ती घरी गेली असती. यात पोरीची काय चूक? तिला लाज वाटली. डॉक्टरांची तरी काय म्हणावी, ऐंशी पेशंट आणि एक टेबल.

अमेरिकेत यावर कायदा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून, सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं इंग्रजी न येणाऱ्या पेशंटची सोय करायची असं धरलं जातं, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याखाली २०१६ ला जे नियम आले त्यात तर सरळ लिहिलं की जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नाही. दुभाषी फुकट द्यायचा, फोनवर द्या व्हिडिओवर द्या पण द्या. मग मैत्रिणीला शाळा का बुडवायला लागली? कारण छोट्या दवाखान्यात दुभाष्याचा फोन लागेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नाही, आईला आपला हक्क माहीत नाही, आणि कागदपत्रं नसली तर माणूस हक्क मागायला जातच नाही, उगीच कुणाच्या नजरेत नको म्हणून. भाचीनं हेच लिहावं, कायदा आहे आणि तरी असं होतं हे मी कुठं बघितलं, आणि त्यावर मी शनिवारी काय करते. शनिवारच्या दवाखान्याबद्दल तिनं एकच वाक्य लिहिलंय, 'हा अनुभव समृद्ध करणारा होता'. कसला समृद्ध, नेमकं काय करतेस ते सांग की. बीपी मोजतेस, लाईन लावतेस, फॉर्म भरून देतेस? फॉर्म भरून देत असशील तर तेच लिही, ते फार मोठं काम आहे.

एक सावध सूचना. लॅटिनो म्हणजे एक जात एक गठ्ठा असं लिहू नको म्हणावं. मेक्सिकन वेगळे, पोर्तो रिकोचे वेगळे, क्युबाचे, साल्वादोरचे वेगळे, आजारही सारखे नाहीत, पोर्तो रिकन मुलांमध्ये दमा फार, तसा मेक्सिकन मुलांत नाही. आणि फ्रेस्नोच्या आसपास शेतात जे राबतात त्यातले कितीतरी मेक्सिकोच्या ओआहाका भागातले आदिवासी, त्यांची घरची बोली मिश्तेको किंवा त्रिकी, स्पॅनिश त्यांनाही धड येत नाही. म्हणजे हिची फाडफाड स्पॅनिश तिथं संपते. हे आपल्याला समजायला सोपं आहे, सोलापुरात सिव्हिलला मराठीवाला नवा डॉक्टर आला की त्याला वाटतं भाषेचा प्रश्न सुटला, आणि मग अक्कलकोटकडून कानडी आजोबा येतात, पूर्व भागातून तेलुगू मावशी येते, आणि डॉक्टर सिस्टरकडं बघत बसतो. भाचीनं त्या बोलीभाषांचा उल्लेख केला ना, तर वाचणाऱ्याला लगेच कळेल की ही खरंच त्या वाड्यावस्त्यांवर गेलेली आहे.

आजारांचंही तसंच, गुगलवरचं चार ओळींचं नको. मधुमेह आहेच, सीडीसी म्हणून तिकडची सरकारी आरोग्य संस्था आहे, तिचा अंदाज असा की लॅटिनो माणसाला आयुष्यात कधीतरी टाईप टू डायबिटीस होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, एकूण अमेरिकनांना चाळीस टक्क्यांच्या आसपास. पण तिच्या गावचं म्हणजे व्हॅली फीवर, त्या खोऱ्यातल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर छातीत जाते, खोकला ताप येतो आणि साधा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत राहतात. आणि ऊन. सोलापूरचा मे महिना तिकडं जुलैत असतो, बागेत झाडाखाली वाकून द्राक्षं तोडायची. उन्हानं मजूर मेले तेव्हा कुठं कॅलिफोर्नियानं २००५ ला नियम केला की मालकानं पाणी द्यायचं, सावली द्यायची, विश्रांती द्यायची, अमेरिकेतला त्या प्रकारचा पहिला नियम. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, फक्त तिला वाटतंय की निबंधात असलं चालत नाही. चालतं. तेच चालतं.

आणि बिचारे बिचारे करू नको म्हणावं. पानात चार ठिकाणी 'वंचित' आहे. अहो २०१९ चे आकडे बघितले तर हा पैशानं आणि विम्यानं मागं असलेला लॅटिनो माणूस गोऱ्या अमेरिकनापेक्षा सरासरी तीनेक वर्षं जास्त जगत होता! सिगारेटी कमी हे एक कारण देतात, तब्येतीनं धडधाकट तेच घर सोडून येतात हे दुसरं, घरची माणसं जवळ असतात असंही काही जण म्हणतात. मग कोविड आला आणि दोन वर्षांत त्यांचं सरासरी आयुष्य चारेक वर्षांनी खाली आलं, कारण द्राक्षं घरी बसून तोडता येत नाहीत आणि मटणाच्या कारखान्यात लांब लांब उभं राहता येत नाही. म्हणजे माणसं मुळात कमजोर नाहीत, कामानं आणि सोय नसल्यानं मार खातात. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीला हा फरक कळायला हवा, नाहीतर ती आयुष्यभर वरून खाली बघत औषध देईल.

तिच्यासाठी एक कामाची माहिती, बहुतेक तिला असेलच. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाईनच्या मेडिकल कॉलेजात २००४ पासून खास लॅटिनो समाजासाठी डॉक्टर तयार करायचा प्रोग्राम आहे, प्राईम-एलसी म्हणतात, पाच वर्षांचा, एमडीबरोबर मास्टर्सही, आणि स्पॅनिश यावी लागते. तिच्या स्वतःच्या सॅन होआकिन खोऱ्यासाठीही तसाच एक वेगळा आहे. तेव्हा सिलेक्शनवाले हसतील ही भीती मेहुण्यांनी सोडावी, तिथं या कामाला रीतसर दार आहे.

कर्ज. ते मोठंच आहे, खोटं कशाला सांगू. आधी चार वर्षांची डिग्री, ती तिची झाली, मग एमकॅट ही मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल, मग कमीत कमी तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायचं. कर्ज काढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर बाहेर पडताना साधारण दोन लाख डॉलर असतात. पण नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर म्हणून सरकारी योजना आहे, जिथं डॉक्टर कमी तिथं ठरलेली वर्षं काम करायचं आणि कर्जाचा बराच हिस्सा सरकार फेडतं, आणि ज्या पट्ट्यात हिला काम करायचंय तिथं डॉक्टर कमीच आहेत. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, तेवढं मेहुण्यांना नीट विचारून घ्या.

राहिली बहीण. ती लॅटिनोंमुळं रडत नाहीये मामा. पोरगी दुसऱ्या भाषेत खुलून बोलते आणि घरात मराठीत हूं हूं करते, ते तिला लागतंय. त्यावर माझ्याकडं औषध नाही, पण तुम्ही दर रविवारी भाचीशी मराठीत अर्धा तास गप्पा मारा, चुका काढू नका, आणि शेंगाचटणी पाठवत राहा. एवढं तुमच्या हातात आहे.

पत्र दुसरं

मॅडम, मी अशोक चौकाजवळ राहते, बारावी सायन्स झालंय. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरात तेलुगू बोलतो. मला नर्सिंग करून आमच्याच भागात काम करायचंय, डॉक्टरचे मार्क नाहीत पडले आणि मला वाईट पण नाही वाटत. एका कॉलेजात इंटरव्ह्यूला विचारलं नर्स का व्हायचंय, मी म्हणाले लोकांची सेवा करायला, तर सर हसले आणि म्हणाले सगळ्या हेच म्हणतात आणि नंतर दुबईला जातात. मी गप्प बसले. घरी पण म्हणतात शिकायचंच तर पुण्याला जा, इथं परत येऊन काय मिळणार. माझं चुकतंय का?
— एक मुलगी, पूर्व भाग

उत्तर

अगं चुकतंय काय, उत्तर अर्धं दिलंस एवढंच. सरांनी हसायला नको होतं, पण ते म्हणाले त्यात तथ्य आहे, 'सेवा' सगळ्याच म्हणतात. आणि दुबईला गेलेल्या पोरींना नावं ठेवायचं काम नाही, घर उभं केलंय त्यांनी. तू वरचं मामांचं पत्र वाच. ती पोरगी सात समुद्रापलीकडं बसून जे सांगायला धडपडतेय ते तुझ्या दारात आहे.

पुढच्या वेळी विचारलं तर आईचं सांग. विडीची मजुरी हजारावर, त्यामुळं ओपीडीत सकाळ गेली की त्या दिवसाच्या विड्या गेल्या, म्हणून तुझी आई खोकला अंगावर काढते, काढते की नाही? दिवसभर सूप मांडीवर घेऊन वाकून बसायचं, तंबाखूची धूळ नाकातोंडात, त्यात टीबी आला तर तो आधी तंबाखूचाच खोकला वाटतो. वडिलांचं सांग. कापसाच्या धुळीनं छाती भरते त्याची एक खूण असते, सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी जास्त कोंडतं आणि पुढं जरा हलकं वाटतं. नवा डॉक्टर हे विचारत नाही, तू विचारशील कारण तू घरात ऐकलंयस. आणि मागाच्या आवाजानं कमी ऐकू येतं म्हणून वडील टीव्ही मोठा लावतात आणि आई ओरडते, हे पण सांग, लाजू नको. हे बोललीस तर कुठलेच सर हसणार नाहीत, आणि हसलेच तर कॉलेज बदल.

अमेरिकेत शेतमजुरांचं हेच दुखणं होतं, दिवस बुडवून दवाखान्यात कोण येणार. तिथं १९६२ ला कायदा करून फिरत्या शेतमजुरांच्या दवाखान्यांना सरकारी पैसा सुरू झाला, आणि असले बरेच दवाखाने संध्याकाळी उघडे ठेवायला लागले. त्यांच्यात प्रोमोतोरा म्हणून बायका असतात, शिकलेल्या फार नाहीत पण त्याच वस्तीतल्या, घरोघरी जाऊन साखर तपासायला सांगणाऱ्या, डॉक्टरकडं हात धरून नेणाऱ्या. आपल्याकडं २००५ पासून आशाताई आहेत तशा. तुझ्या गल्लीत आशाताई असेल तर तिच्याबरोबर चार दिवस फिर, फुकट फिर, कॉलेज सुरू व्हायच्या आधी. पाय दुखले तरी मन लागलं तर समज लाईन बरोबर आहे. नाही लागलं तरी लवकर कळलं, वर्षाची फी वाचली.

कोर्सचं म्हणशील तर बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा. जमत असेल तर बीएस्सी कर. २०१८ ला आयुष्मान भारत आलं तेव्हापासून गावाकडच्या उपकेंद्रात कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचं पद आहे, तिथं बीएस्सी नर्सिंगवाली स्वतः पेशंट तपासते, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवते, डॉक्टरच्या मागं ट्रे धरून उभी नसते. पगाराचं मी फुगवून सांगणार नाही, कंत्राटी पद असतं, उशिरा होण्याच्या तक्रारी मी ऐकलेल्या आहेत. पुण्याला शिकायला जायला पण काही हरकत नाही, चांगल्या मोठ्या वॉर्डात दोन वर्षं घासून आलीस तर आपल्याच लोकांचा फायदा. फक्त तेलुगू विसरू नको आणि जमलं तर कानडी उचल, इथं तीन भाषा येणाऱ्या सिस्टरला डॉक्टर स्वतः हाक मारून बोलावतात.

आणि घरच्यांना सांग, इथं परत येऊन काय मिळणार याचा हिशेब आत्ता नका करू, आधी ॲडमिशन तर होऊ द्या.

पत्र तिसरं

ताई, मी बी फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, होटगी रोडला राहतो. मित्र म्हणतो स्पॅनिश शिकून घे, अमेरिकेतल्या पेशंटशी बोलायचे जॉब मिळतात, हेल्थकेअरमध्ये डिमांड आहे. एका क्लासवाल्यानं सहा महिन्यात जॉब गॅरंटी सांगितलीय. भरू का पैसे?
— एक वाचक

उत्तर

गॅरंटी हा शब्द ऐकला की तिथनं उठायचं बाबा. स्पॅनिश शिकायला चांगली आहे, उच्चार आपल्या जिभेला अवघड जात नाहीत, लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं. पण पेशंटशी बोलण्याइतकी भाषा सहा महिन्यांत येत नाही. डेले नावाची स्पेन सरकारची परीक्षा असते, ए-वन पासून सी-टू पर्यंत सहा पायऱ्या, आणि कामाचं काही करायचं तर निदान चौथी म्हणजे बी-टू हवी. दिल्लीत त्यांची सर्व्हांतेस संस्था आहे, त्यांच्याकडं ऑनलाईनही शिकवतात, आधी तिथली फी आणि वेळापत्रक बघ आणि मग गल्लीतल्या क्लासशी ताडून बघ. दवाखान्यातली स्पॅनिश हे आणखी वेगळं प्रकरण, दुखतंय कुठं, किती दिवस, रिकाम्या पोटी घेतली का गोळी, हे सगळं वेगळं शिकावं लागतं, आणि तिकडं दवाखान्यात दुभाषी म्हणून काम करायला पेपर-बिपर देऊन पास व्हावं लागतं.

तू फार्मसीवाला आहेस, तुझी पहिली नोकरी बहुतेक औषधाच्या दुकानात नाहीतर कंपनीत लागणार, तेव्हा डिग्री संपव, रजिस्ट्रेशन कर, आणि संध्याकाळी हौस म्हणून भाषा शिक. क्लास लावलाच तर एका पायरीची फी भर, पूर्ण कोर्सची आगाऊ मागत असतील तर पावती आधी दाखवा म्हण, आणि मागच्या बॅचमधल्या दोन पोरांचे नंबर माग. द्यायला का कू करायला लागले तर ते पैसे खिशातच ठेव.